बाराव्या विभागाची हजेरी

१

नेकनूरच्या धुळाजीची शिवकन्या विद्यापीठात नोकरीला लागली, यावर गावानं दोन दिवस विश्वासच ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.त बसून खरोखरच कामावर गेली, तेव्हा पारावरचे म्हणाले, "मग तसलंच असंल ते विद्यापीठ."

होतं तसलंच.

केजच्या अलीकडं, रस्त्यापासून मैलभर आत, उघड्या माळावर बालाघाट विद्यापीठ उभं होतं. आधी ती सहकारी सूतगिरणी होती. सभासद झाले, नारळ फुटले, बारा शेड बांधून झाल्या, फक्त यंत्रं आली नाहीत. पाच वर्षं शेडांत शेळ्या बसत होत्या. मग सरकारनं या भागाला विद्यापीठ जाहीर केलं, पुढाऱ्यांनी दोन दिवसांत शेळ्या हाकलल्या आणि पाटी बदलली. कापसाच्या गाठी जिथं ठेवायच्या तिथं ग्रंथालय आलं. वजनकाट्याच्या खोलीत कुलगुरू बसू लागले. पदार्थविज्ञानाच्या शेडचं छत इतकं उंच होतं की सर बोलले की त्यांचा आवाज वर जाऊन परत यायचा. पोरं तो परत आलेला आवाज उतरवून घ्यायची, कारण तो जरा सावकाश यायचा.

साल सत्त्याऐंशीचं. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, उरलेली वसतिगृहात आंघोळीचे वार लावून राहत होती. विहिरी आटल्या, बोअर आटले, आणि पाणी वाटायचं काम कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडं आलं. संस्था टँकरची पाळी लावायची आणि लोक पाळीवरून भांडायचे. कपडे धुणं कुणाला परवडत नव्हतं. सगळं विद्यापीठ एकाच रंगाचं झालं होतं, मातकट. कुलगुरूंचा सफारीसुद्धा.

शिवकन्या माहिती व प्रसिद्धी कक्षात होती. कक्ष म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक टंकलेखन यंत्र. यंत्राचा 'ठ' तुटलेला होता. त्यामुळं 'विद्यापीठ' हा शब्द आला की तिला 'ठ'ची जागा सोडावी लागे आणि मागून तो पेनानं भरावा लागे. दिवसाला शंभर-दीडशे 'ठ' व्हायचे. तिची ऑर्डर अकरा महिन्यांची होती. त्यातले दहा संपले होते.

२

एका सोमवारी कुलसचिव बबनरावांनी तिला बोलावलं. बबनराव आधी सूतगिरणीचे सचिव होते. गिरणीचं विद्यापीठ झालं तसे सचिवांचे कुलसचिव झाले, खुर्ची तीच राहिली.

"बसा, शिवकन्याबाई. पुढच्या सोमवारी समिती येती. पाच माणसं हायत. आपलं विद्यापीठ ठेवायचं का गुंडाळायचं, ते ठरवणार."

"गुंडाळायचं म्हणजे, साहेब?"

"म्हणजे परत शेळ्या." बबनरावांनी कपाळ पुसलं. "माहितीपुस्तिका पायजे. 'विद्यापीठ : एक दृष्टिक्षेप'. मागची घ्या, साल बदला, झालं. फोटो काळेपांढरेच टाका, झाडं वाळलेली कळत न्हाईत. नीट झालं तर तुमच्या कायमच्या ऑर्डरचं मी बघतो."

दुसऱ्या कुणी साल बदललं असतं. पण शिवकन्या धुळाजीची पोरगी होती. उसाची मोळी ढिली बांधली तर धुळाजी ती सोडून परत बांधायला लावायचा. ती वही घेऊन निघाली आणि सगळं विद्यापीठ पायी फिरली.

इतिहास विभागात सर गाढ झोपलेले सापडले. मराठी विभागातल्या दोन प्राध्यापकांचं बोलणं बंद होतं, त्यांनी शेडच्या मधोमध खडूनं रेघ मारली होती आणि पोरं अलीकडं ज्ञानासाठी आणि पलीकडं गुणांसाठी बसत होती. रसायन विभागात पाण्यावाचून प्रयोग होत नव्हते, म्हणून प्रयोगांची गोष्ट सांगत होते. शिवकन्यानं सगळे विभाग मोजले. अकरा भरले.

संध्याकाळी एस.टी.ची वाट बघताना ती संस्थेच्या दुकानात टेकली. भिंतीवर पाणीवाटपाचा तक्ता होता. प्रत्येक विभागाला दिवसाआड अर्धा टँकर. सगळ्यांत खाली लिहिलं होतं : विभाग १२. रोज. पूर्ण टँकर.

तिनं परत मोजलं. मग मनाशी म्हणाली, लिहिणाऱ्याची चूक असंल. तिला स्वतःला दिवसाला एवढे 'ठ' भरावे लागायचे, लिहिणाऱ्याच्या चुका तिला ठाऊक होत्या.

३

पण दुसऱ्या दिवशी तिनं विचारायला सुरुवात केली, आणि आश्चर्य म्हणजे बारावा विभाग सगळ्यांना माहीत होता.

"बारावा ना? लई चांगला," परीक्षा विभागाचा कारकून म्हणाला. "अर्ज सगळ्यांत आधी यांचे. अक्षर बघाल तर मोत्यासारखं. साठच्या साठ जणांचं एकसारखं."

"पुस्तकं वेळेत परत करतात," ग्रंथपाल म्हणाले. "पानं जरा ओलसर असतात, एवढंच."

"तुम्ही कधी गेला होतात का तिकडं?"

"ज्या विभागाची कटकट न्हाई, तिथं जायचं कावून?"

शेवटी तिनं जलालुद्दीनला गाठलं. टँकर जलालुद्दीनचा होता. त्याच्याशी नमतं घेऊन बोलणं त्या साली कुलगुरूसुद्धा शिकले होते.

"बारा नंबरची शेड, बाई. पार मागं," तो म्हणाला. "रोज हौद भरतो, दुसऱ्या दिवशी कोरडा ठाक. सही केलेली चिठ्ठी दगडाखाली ठेवलेली असती. माणूस दिसत न्हाई, पण तक्रार बी न्हाई. परवा मराठीवाले दोघं एका घागरीपायी माझ्या टायरपुढं आडवे झाले. दोन बाजूंनी. त्यापेक्षा हे लोक शरीफ."

"मला घेऊन चला."

"चला की. पण मी तिथं इंजिन बंद करत न्हाई."

"का?"

जलालुद्दीननं जरा लाजून सांगितलं. "एकदा केलतं. आतलं शिकवणं ऐकत बसलो. मी चौथी नापास माणूस. पण त्या दिवशी घरी गेलो आन बायकोला, अमीरबीला, दोन तास काय काय समजावून सांगितलं म्हणं. काय सांगितलं ते मला आठवत न्हाई. ती आठ दिवस माहेरी जाऊन राहिली."

दुपारचे दोन वाजले होते. टँकर वेड्या बाभळींतून वाट काढत पार मागं गेला. बारा नंबरची शेड इतर शेडांसारखीच होती. पत्रे उन्हानं तडतडत होते. दाराला बाहेरून कडी होती, कुलूप नव्हतं. जलालुद्दीननं पाइप हौदात सोडला आणि शिवकन्यानं हात जोडल्यावर नाइलाजानं इंजिन बंद केलं.

पाण्याचा आवाज येत होता. त्याच्या मागून दुसरा आवाज आला. आत हजेरी चालली होती.

"रामहरी किसन."

"हजर."

"शहादेव गेनबा."

"हजर."

नाव घेणारा आवाज बाईचा नव्हता, बुवाचाही नव्हता. कचेरीत कुणीतरी यादी वाचावी तसा होता. उत्तर देणारे आवाज वेगवेगळे होते, पण नाव आणि 'हजर' यांच्यामध्ये दर वेळी सारखंच अंतर पडत होतं, घड्याळ लावल्यासारखं. कुणी खोकलं नाही. कुणा एकाची हजेरी दुसऱ्यानं लावली नाही. त्यावरूनच शिवकन्याच्या लक्षात आलं, की हा वर्ग नेहमीचा नाही.

ती हौदाच्या कठड्यावर चढली आणि तिनं झरोक्यातून आत बघितलं.

बाकं भरलेली होती. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं. आणि सगळे स्वच्छ होते. पांढरेशुभ्र कपडे, नुकतीच आंघोळ करून चोपून बसवलेले केस, मानेवरून निथळणारं पाणी. इतकी स्वच्छ माणसं तिनं त्या साली अख्ख्या बीड जिल्ह्यात पाहिली नव्हती. खालची फरशी ओली होती. शिकवणारं कुणी दिसत नव्हतं.

मग हजेरी थांबली. वर्ग चालू असताना दारात कुणी उशिरा येऊन उभं राहिलं की जशी शांतता होते, तशी झाली. मागं वळून कुणीच बघितलं नाही. फक्त सगळ्या पाठी एकाच वेळी ताठ झाल्या.

शिवकन्या खाली कशी उतरली ते तिला कळलं नाही. जलालुद्दीननं आधीच इंजिन सुरू केलं होतं. परतीच्या वाटेवर ती मनाला समजावत होती. शिक्षकांचं शिबिर असंल. शिबिराला माणसं धुतलेले कपडे घालून येतात. लग्नाचं वऱ्हाड असंल. पण वऱ्हाडात हजेरी कोण घेतं, हे तिला सुचलं नाही.

४

"साहेब, बाराव्या विभागात कोण आहे?"

बबनरावांनी उठून दार लावलं, खिडकी लावली, आणि मग उकडायला लागलं म्हणून खिडकी परत उघडली.

"तुम्ही गेलता?"

"गेले होते."

"किती आहेत?"

"साहेब, ते तुम्हालाच माहीत पाहिजे."

बबनरावांनी टेबलावरची टाचणी इकडून तिकडं केली. मग बोलले. "सूतगिरणीला तीनशे सभासद पायजे होते, बाई. दोनशे चाळीस भरले. आता साठासाठी गिरणी सोडायची का? मी बसलो आन साठ नावं लिहिली. मनानं. बापाचं नाव, गाव, समदं. सहकारात हे चालतंच. मग विद्यापीठाला बारा विभाग पायजे होते, अकरा झाले. बारावा मी लिहिला. पोरं कुठून आणायची? तीच साठ नावं घातली. वही होतीच."

"म्हणजे तिथं कुणीच नाही?"

"मी बी तसंच समजत होतो." बबनरावांचा आवाज खाली गेला. "जूनमधी त्यांची हजेरी आली. टपालाच्या ट्रेत. शंभर टक्के. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. मग परीक्षेचे अर्ज आले. मग पाण्याची मागणी आली. भाषा लई नम्र होती, बाई. मला मोडता घालवंना. मंजूर केली."

"तुम्ही बघायला गेला नाहीत?"

"कसा जाऊ? त्यांनी मला ओळखलं तर?" ते एकदम म्हणाले. "त्यांची नावं मी ठेवलीत. बाप मी दिलेत. उद्या कुणी पुढं होऊन पाया पडला, तर मी काय आशीर्वाद देऊ?"

शिवकन्याला हसू येत होतं आणि मानेवर काटाही येत होता. दोन्ही एकदम कसं येतं, याचं तिला नवल वाटलं.

"पुस्तिकेत बारा लिहा," बबनराव म्हणाले. "अकरा लिहिले तर अकरांचं बी जातं. तुमचं बी, माझं बी."

ती टेबलाशी येऊन बसली. यंत्रावर तिनं टंकलं : 'विद्यापीठात एकूण बारा विभाग कार्यरत आहेत. बाराव्या विभागाची हजेरी शंभर टक्के आहे.' मग 'ठ' भरला. तो जरा वाकडा आला.

५

समितीची गाडी सोमवारी दहा वाजता आली. चार पुरुष आणि एक बाई. बाई म्हणजे औरंगाबादच्या डॉ. कमरजहाँ. साठीला आलेल्या, अंगानं बारीक, जाड चष्म्याच्या. पाहुणेघरात चहा झाला. खानावळीच्या केशरबाई कप घेऊन आल्या, तेव्हा कमरजहाँ मॅडम म्हणाल्या, "माझा बिनसाखरेचा, बाई." केशरबाईंनी तोंड वाकडं केलं. साखर मिळत असताना ती नको म्हणणारी माणसं त्यांना पटत नसत.

मॅडमनी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. इतरांनी ती वाऱ्यासाठी वापरली.

"ही कुणी लिहिली?"

शिवकन्या पुढं झाली.

"तुझ्यासारखी पोरगी प्रत्येक विद्यापीठात पाहिजे. सगळं स्वतः बघून लिहिलंयस, कळतं." मॅडमनी पान उलटलं. "बाराव्या विभागाची हजेरी शंभर टक्के? चाळीस वर्षं शिकवतेय मी. असा विभाग मला बघायचाय."

बबनराव घाईनं म्हणाले की आधी जेवण करू. जेवणानंतर म्हणाले की ऊन फार आहे. मॅडमनी डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागल्या. समितीच्या अध्यक्षांना मागं राहणं शोभलं नसतं. तेही निघाले. शिवकन्या मॅडमच्या शेजारून चालत होती. सांगावं, असं तिला चार वेळा वाटलं. चारही वेळा तिला कायमची ऑर्डर दिसली, आणि ती गप्प राहिली.

शेडजवळ जलालुद्दीनचा टँकर उभा होता. बबनराव त्याच्या मागं जाऊन चाकाची हवा बघू लागले. समितीनं कडी काढली. पाचही जण आत गेले आणि दार आपोआप लोटलं गेलं.

६

दहा मिनिटांनी दार उघडलं. अध्यक्ष बाहेर आले, त्यांच्या मागून तिघं.

आत जाताना ते धुळीनं माखलेले होते. बाहेर आले ते न्हाऊनमाखून आल्यासारखे. अध्यक्षांचा कोट पांढरा दिसत होता. तो पांढराच आहे, हे सकाळपासून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"उत्कृष्ट," अध्यक्ष म्हणाले.

"उत्कृष्ट," दुसरे म्हणाले.

"उत्कृष्ट."

"उत्कृष्ट."

मध्ये दर वेळी सारखंच अंतर पडलं.

"मॅडम कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"कोण मॅडम?"

"कमरजहाँ मॅडम. तुमच्याबरोबर आलेल्या."

अध्यक्ष कनवाळूपणे हसले. "आम्ही चौघंच आलोय, बाई. ऊन लागलं का तुम्हाला?"

तिनं बबनरावांकडं बघितलं. बबनरावांच्या चेहऱ्यावर खरोखरची शंका होती. ते बोटं मोजत होते. "चारच हायत, शिवकन्याबाई. पत्रात पाच होते, पण एखादं ऐनवेळी गळतं." मग ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "शेरा 'उत्कृष्ट' मिळालाय. आता जास्तीचं माणूस कावून काढता?"

ती पळत पाहुणेघरात गेली. तिच्या वहीत पाच नावं होती, तिच्याच अक्षरात. पण ती उन्हात चालली होती, सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, आणि चार शिकलेली माणसं एक सांगत असताना आपलंच खरं कसं मानायचं? तिनं पाचवं नाव खोडायला पेन उचललंसुद्धा.

तेवढ्यात केशरबाई कप गोळा करायला आल्या.

"केशरमावशी, सकाळी कप किती केलते?"

"पाच. एक बिनसाखरेचा." केशरबाई कुरकुरल्या. "असली फर्माइश मी जन्मात इसरत न्हाई. कुठं गेली ती म्हातारी?"

शिवकन्यानं पेन खाली ठेवलं आणि तिला रडू फुटलं. मग तिनं केशरबाईंना सगळं सांगितलं, वाकड्या 'ठ'पर्यंत.

केशरबाईंनी ऐकून घेतलं. "पोरी, तू लिवलंस म्हणून ती तिकडं गेली?"

"हो."

"मग आणाया पायजे." त्यांनी खानावळीतली थाळी आणि डाव उचलला. "चल."

"थाळी कशाला, मावशी?"

"मोकळ्या हातानं मी कुठं जात न्हाई."

७

चार वाजले होते, ऊन तसंच होतं. समिती पाहुणेघरात शेरा लिहीत होती. बारा नंबरच्या शेडपाशी कुणी नव्हतं. हौद आताच कोरडा पडला होता.

शिवकन्यानं कडी काढली आणि दार वीतभर उघडलं. आतून गारवा आला, भरलेल्या रांजणात तोंड घातल्यावर येतो तसा. काहीतरी शिकवणं चाललं होतं. शब्द मराठीच होते, सोपे होते. एक वाक्य तिला पूर्ण कळलं आणि दुसरं ऐकावंसं वाटलं. दुसरं ऐकलं तेव्हा तिसऱ्याची ओढ लागली. केशरबाईंनी तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

मॅडम शेवटच्या बाकावर होत्या, दारापासून हातभर अंतरावर. पाठमोऱ्या. पांढरे केस चोपून बसवलेले, टोकांतून पाणी ठिबकत होतं. खाली मान घालून लिहीत होत्या.

"मॅडम," शिवकन्या हळूच म्हणाली. "मॅडम, चला."

हात लिहीतच राहिला.

"अशानं उठत न्हाईत," केशरबाई कुजबुजल्या. "पंधरा वर्षं गावोगावच्या खानावळीत पोरं उठवतीय मी." आणि शिवकन्या नको म्हणायच्या आत त्यांनी डाव थाळीवर हाणला. "जेवायला चला रेऽऽ!"

शिकवणं थांबलं. पेनं खाली पडली. मॅडम दचकून उभ्या राहिल्या, आणि शिवकन्यानं त्यांचा गार, ओला हात धरून त्यांना दाराबाहेर ओढलं.

मग साठ बाकं एकदम सरकली.

केशरबाईंनी हाक सगळ्यांनाच मारली होती.

पुढच्या रांगेपासून पाठी वळायला लागल्या. शिवकन्या दार ओढून घेत होती तरी तिला एक चेहरा अर्धा दिसलाच. तो अर्धाच होता, की तिला अर्धा दिसला, हे तिनं पुढं कधी ठरवलं नाही. बबनरावांच्या वहीत नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं. चेहऱ्याला रकाना नव्हता.

तिनं कडी घातली. दोघींनी दाराला पाठ लावली. आतून ओली पावलं येत गेली, येत गेली, आणि दारापाशी थांबली. कुणी दार ढकललं नाही. नुसता पत्रा गार पडला.

मग आतून एक आवाज आला. तरणा, अदबीचा.

"मावशी, आज काय केलंय?"

केशरबाईंचे ओठ पांढरे पडले होते. पण हा प्रश्न त्यांना रोज दोन वेळा विचारला जायचा, आणि त्याचं खोटं उत्तर त्यांनी आजवर दिलं नव्हतं.

"पिठलं," त्या म्हणाल्या.



"परत?" आवाजानं विचारलं.

"भाजी कुठं हाय, बाबा, या सालात? तीन म्हैने झाले, पिठलंच हाय."

साठ जणांनी एकदम सुस्कारा सोडला. तो पत्र्यावरून लांबत गेला. मग पावलं मागं फिरली, बाकं सरकली, पेनं उचलल्याचा आवाज झाला आणि शिकवणं पुढं सुरू झालं.

दोघींनी मॅडमना मधोमध धरलं आणि बाभळींतून धूम ठोकली. केशरबाईंचं वय अठ्ठावन्न होतं. त्या सगळ्यांत पुढं होत्या. वसतिगृहाच्या ओट्यावर टेकल्यावर त्यांना पहिल्यांदा बोलता आलं. "या पिठल्यापायी पोरांनी मला काय काय शिव्या दिल्यात! बोलवा आता त्यांना."

८

मॅडमनी स्वतःचा ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "तास चालू होता. मध्येच का उठवलं मला?"

"काय शिकवत होते, मॅडम?"

"ते आठवत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पण चाळीस वर्षांत असं कुणी शिकवलेलं मी ऐकलं नव्हतं." मग त्या शिवकन्याकडं निरखून बघू लागल्या. "तू बाहेर कधी आलीस?"

"मी बाहेरच होते."

"नाही. हजेरी झाली ना. माझ्या आधी तुझं नाव पुकारलं. शिवकन्या धुळाजी. तू 'हजर' म्हणालीस."

"मी आत आलेच नाही, मॅडम."

"आवाज तुझाच होता, बेटा," कमरजहाँ मॅडम म्हणाल्या. "आत्ता बोलतेयस तोच."



मॅडम पाहुणेघरात गेल्या, तेव्हा बाकीचे चौघं त्यांना 'या, बसा' म्हणाले, जशा काही त्या हात धुवायला गेल्या होत्या. शेऱ्यावर पाच सह्या झाल्या. विद्यापीठ राहिलं. शेळ्यांना दुसरीकडं जागा बघावी लागली.

आठ दिवसांनी बबनरावांनी शिवकन्याला कायमची ऑर्डर दिली. तिनं ती टेबलावर तशीच ठेवली.

"साहेब, एकच विचारते. वहीत माझं नाव तुम्ही घातलंत?"

बबनरावांनी गळ्याला हात लावला. "आईची शपथ, न्हाई. मी साठच लिहिली होती." मग कपाटातून हजेरीचा नवा कागद काढून तिच्यापुढं धरला. तो सकाळीच टपालाच्या ट्रेत आला होता. मोत्यासारखं अक्षर. शेवटचा आकडा एकसष्ट. तिनं नाव वाचलं नाही. ऑर्डर तिथंच सोडली आणि दुपारच्या गाडीनं नेकनूरला आली.

गावाला वेड लागायची पाळी आली. कायमची नोकरी सोडते पोरगी! धुळाजी ऊसतोडीवरून परतल्यावर तिनं त्याला एकट्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "बरं केलंस. दोन ठिकाणी हजर राहणं कुणाला झेपतं?"

पुढं ती गावच्या सहकारी दूध संस्थेत लागली. सकाळी दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची, पावती फाडायची. काम तिला आवडलं. तिथं माणसं भांडायची, उशिरा यायची, दुधात पाणी घालायची. पाऊस झाल्यावर तर जरा जास्तच घालायची. तिला त्यांचा राग आला नाही.

फक्त एक गोष्ट लोकांना कळत नसे. संस्थेची सभा भरली की चेअरमन नावं पुकारतात, आणि माणसं 'हाय', 'आलोय', 'हजर' असं काहीबाही म्हणतात. शिवकन्याचं नाव आलं की ती तोंड मिटून हात वर करते. चेअरमननं वर बघितलंच नाही आणि नाव दुसऱ्यांदा घेतलं, तरी ती बोलत नाही. दोन्ही हात वर करते, आणि कुणी बोलतंय का ते कान देऊन ऐकत राहते.